पहिल्यांदा स्कीइंगला निघताना : सिॲटलहून स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंतचा एक दिवस

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिॲटल, बेलव्ह्यू किंवा रेडमंड येथे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला हिवाळा बहुधा पावसाच्या झिमझिमीतच सरतो. शहरात बर्फ क्वचित पडतो, त्यामुळे बर्फात गाडी चालवण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. मात्र आय-90 महामार्गाने पूर्वेकडे साधारण 50 मैल, म्हणजे 80 ते 85 किलोमीटर गेले की कॅस्केड पर्वतरांगेतील स्नोक्वाल्मी खिंड लागते आणि तिथेच, रस्त्याला अगदी लागून, ‘समिट ॲट स्नोक्वाल्मी’ हे स्कीइंगचे, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचे, ठिकाण आहे. सकाळी निघून रात्री जेवायला घरी परतता येईल इतके ते जवळ आहे. पण हे जवळ असणेच फसवे ठरते. तासाभराचा तर रस्ता, असे म्हणून माणसे जीन्स आणि पावसाळी जॅकेट घालून, बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्यांवाचून निघतात. नवख्या माणसाचा पहिला दिवस उतारावर पडल्यामुळे सहसा बिघडत नाही, कारण पडण्याची तयारी प्रत्येकाने मनातून केलेलीच असते. तो बिघडतो चुकीच्या मापाच्या साखळ्या, भिजलेले हातमोजे आणि पाय आवळणारे बूट यांच्यामुळे. म्हणून या लेखात उतारापेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

आधी त्या खिंडीची प्रकृती समजून घ्यावी. तिची उंची 3,022 फूट, म्हणजे सुमारे 920 मीटर आहे. आपले महाबळेश्वर तिच्याहून चारशे मीटरांनी उंच आहे, तेव्हा विरळ हवेची काळजी करण्याचे कारण नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना जसे कोकणाच्या बाजूला रिते होतात, तसेच पॅसिफिक महासागरावरून आलेले ढग कॅस्केडच्या पश्चिम अंगावर रिते होतात. फरक इतकाच की, 47 अंश उत्तर अक्षांशावर हिवाळ्यात ते पाणी बर्फ होऊन पडते. संपूर्ण हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाची बेरीज सरासरी दहा मीटरांच्या आसपास भरते. उंची कमी असल्यामुळे तापमान मात्र शून्य अंशाच्या वरखाली घुटमळत राहते, आणि त्यामुळे इथला बर्फ भुरभुरीत नसून ओला व जड असतो. स्थानिक लोक त्याला गमतीने ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. कधी सकाळी बर्फ, दुपारी पाऊस आणि संध्याकाळी त्याच पावसाचा रस्त्यावर गोठलेला पारदर्शक थर, असे तिन्ही प्रकार एकाच दिवशी अनुभवायला मिळतात. कपडे कोणते घ्यावेत आणि गाडी कशी चालवावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

दिवस कोणता निवडावा

पहिल्या खेपेसाठी जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा आरंभ हा काळ चांगला, कारण तोवर बर्फाचा थर पुरेसा जाड झालेला असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि जानेवारी व फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या मोठ्या सुट्ट्या टाळाव्यात. कार्यालयातून एखादी मधल्या वारची रजा मिळत असेल तर तिच्यासारखे सुख नाही. फक्त त्या वारी कोणता भाग किती वाजता उघडतो ते आधी पाहून घ्यावे, कारण सगळे भाग रोज सुरू नसतात.

निघण्याच्या दोन दिवस आधीपासून राज्याच्या परिवहन विभागाचे संकेतस्थळ किंवा ॲप रोज पाहण्याची सवय लावावी. खिंडीतील कॅमेऱ्यांची ताजी छायाचित्रे, तापमान, रस्त्याची स्थिती आणि सध्या लागू असलेले निर्बंध हे सर्व तिथे एकत्र मिळते. 511 हा क्रमांक फिरवूनही तीच माहिती ऐकता येते. हवामानाच्या अंदाजात पाऊस कोणत्या उंचीपासून बर्फात बदलणार हे दिलेले असते. ती उंची चार-पाच हजार फूट दाखवत असेल, तर खिंडीत पाऊसच पडणार हे ओळखावे. उलट जोराच्या हिमवर्षावाचा इशारा असेल, तर नवख्याने बेत सरळ पुढे ढकलावा. अशा दिवशी हिमस्खलनाचा धोका आधीच दूर करण्यासाठी डोंगरावरचा बर्फ मुद्दाम पाडण्याचे काम चालते आणि त्या वेळी महामार्गच बंद ठेवतात.

तिकीट आधी आणि ऑनलाइन घेतल्यास खिडकीवरच्या दरापेक्षा सहसा स्वस्त पडते. मात्र हवामान बिघडले म्हणून पैसे परत मिळतील असे गृहीत धरू नये आणि रद्द करण्याच्या अटी वाचूनच खरेदी करावी. नवशिक्यांसाठी शिकवणी, भाड्याचे साहित्य आणि सोप्या लिफ्टचे (माणसांना उताराच्या वर नेणाऱ्या खुर्च्यांचे वा सरकत्या पट्ट्याचे) तिकीट असे एकत्रित पॅकेज मिळते. तेच घ्यावे. संपूर्ण डोंगराचे तिकीट पहिल्या दिवशी वाया जाते.

गाडी, टायर आणि साखळ्या

महामार्गावर फलक लागतात त्यांचा अर्थ घरीच समजून घ्यावा. ‘ट्रॅक्शन टायर्स ॲडव्हाइज्ड’ ही केवळ सूचना असते, तर ‘रिक्वायर्ड’ लिहिले असेल तर ती सक्ती असते. ट्रॅक्शन टायर म्हणजे ज्याच्या बाजूवर एम आणि एस ही अक्षरे किंवा डोंगरात हिमकण असे चिन्ह असते आणि ज्याची खाच किमान एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर खोल उरलेली असते, असा टायर. त्यापुढची पायरी साखळ्यांची. साखळ्या सक्तीच्या असतानाही चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाड्यांना साधारणपणे सूट असते, परंतु त्यांच्याकडेही योग्य टायर हवेत आणि साखळ्या गाडीत असायलाच हव्यात. परिस्थिती फारच बिघडली तर ही सूटही काढून घेतली जाते.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली म्हणजे बर्फ जिंकला, हा समज आपल्या मंडळींत फार पसरला आहे. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी पुढे काढण्यासाठी उपयोगी पडते. थांबवण्यासाठी ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच, आणि ते शेवटी टायरच्या पकडीवरच अवलंबून असतात. चढावर झोकात पुढे गेलेली दणकट गाडी उतारावर रस्त्याकडेच्या खड्ड्यात रुतलेली दिसते, त्यामागे हेच कारण असते.

साखळ्या विकत घेताना टायरच्या बाजूवर लिहिलेले माप, उदाहरणार्थ 225/65 आर17, अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. त्याआधी गाडीची माहितीपुस्तिका उघडावी, कारण काही गाड्यांमध्ये टायर आणि चाकाची कमान यांच्यातली जागा इतकी कमी असते की तिथे बारीक दोराच्या साखळ्या किंवा परिवहन विभागाने मान्यता दिलेली कापडी आवरणेच चालतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला साखळ्या पुढे लावायच्या, मागच्या चाकांवर चालणारीला मागे. ऑल-व्हील-ड्राइव्हसाठी पुस्तिका सांगेल तसे करावे. गाडी भाड्याची असेल तर करारात साखळ्या लावण्यास मनाई तर नाही ना, हे आधी पाहावे. अनेक करारांत ती असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साखळ्या घराच्या आवारात, उजेडात आणि कोरड्या जमिनीवर निदान दोनदा लावून काढून पाहाव्यात. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या वर्षी मी खोके न उघडताच डिकीत टाकले होते. रस्त्याकडेला, गुडघ्यांखाली चिखलबर्फ आणि तोंडात मोबाइलचा दिवा धरून ते उघडले, तेव्हा आतल्या साखळ्या एका मापाने लहान निघाल्या. माप मीच चुकीचे वाचले होते. तिथूनच माघारी फिरलो आणि शिकवणीचे भरलेले पैसे गेले.

याखेरीज काच धुण्याचे पाणी न गोठणारे भरावे, वायपरची पाती झिजली असतील तर बदलावीत आणि टाकी भरलेली ठेवावी. विजेवर चालणाऱ्या गाडीचा पल्ला थंडीत आणि चढावर बराच घटतो, त्यामुळे ती पूर्ण चार्ज करूनच निघावे. गाडीत घोंगडी किंवा जाड ब्लँकेट, टॉर्च, लहान फावडे, काचेवरचा बर्फ खरवडण्याचे पाते, जुने रबरी हातमोजे, गुडघ्याखाली घ्यायला एखादे बसकर आणि फोन चार्ज करण्याची सोय असावी. महामार्ग बंद झाला तर दोन-तीन तास एकाच जागी बसावे लागू शकते. तशी वेळ आली आणि हीटरसाठी इंजिन सुरू ठेवायचे असेल, तर मागच्या धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ आधी काढावा. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला वास नसतो.

आदल्या रात्रीची पिशवी

कपड्यांचा नियम एकच आहे : सुती काही नको. सुती बनियन आणि जीन्स घाम व बर्फाचे पाणी शोषून घेतात आणि अंगावरच गार पडतात. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस (मऊ, ऊबदार कृत्रिम कापड) आणि सर्वांत वर पाणी आत न येऊ देणारे जॅकेट व पँट, असे तीन थर घालावेत. आईने विणलेला स्वेटर मायेचा असला तरी बाहेरचा थर म्हणून तो चालत नाही, कारण त्याच्या विणीत बर्फ अडकून वितळतो. स्कीची पँट पहिल्याच खेपेला विकत घेण्याची गरज नाही, ती भाड्यानेही मिळते किंवा मित्राकडून मागून आणता येते. हातमोजे मात्र चांगले आणि जलरोधक घ्यावेत आणि शक्य तर दोन जोड न्यावेत, कारण नवशिक्या माणूस दिवसभर हात टेकूनच उठत असतो. मोज्यांचा एकच जोड घालावा, लोकरीचा, पातळ आणि पोटरीपर्यंत येणारा. दोन जोड घातले की बूट घट्ट होतो, रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट अधिक गारठतात. हेल्मेट भाड्याने मिळते. त्याच्या आत आपली माकडटोपी मावत नाही, म्हणून ती घरीच ठेवावी. ढगाळ दिवशी बर्फाचे उंचसखल भाग ओळखू येत नाहीत, त्यासाठी पिवळसर किंवा गुलाबी काचेचा गॉगल उपयोगी पडतो. आकाश मोकळे असेल तर बर्फावरून परतणारे ऊन हनुवटीखालची कातडीसुद्धा भाजून काढते, म्हणून सनस्क्रीन लावावे.

खाण्याचा डबा न्यावा. तिथल्या उपाहारगृहांत दुपारी रांगा लागतात आणि शाकाहारी माणसाला निवड थोडी असते. थंडीत आणि जाड हातमोज्यांनी हाताळायचे असल्यामुळे कोरडे आणि सांडणार नाही असेच पदार्थ बरे : तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की. हा मोसमच संक्रांतीचा असल्यामुळे गुळाची पोळी आणि तिळाचे लाडू घरात असतातच. खिशातला एक लाडू लिफ्टवर बसल्या बसल्या जितका कामी येतो तितका विकतचा एनर्जी बार येत नाही, असे माझे मत आहे. थर्मासमध्ये चहा न्यावा आणि पाणीही प्यावे, कारण थंडीत तहान जाणवत नाही.

रस्ता

शनिवार-रविवारी घरातून सहाच्या सुमारास निघावे. नॉर्थ बेंड हे खिंडीच्या पायथ्याचे गाव घराकडून साधारण अर्ध्या वाटेवर लागते. तिथे थांबून स्वच्छतागृह, इंधन आणि कॅमेऱ्यांची ताजी छायाचित्रे ही तिन्ही कामे उरकावीत. परत फिरायचे की पुढे जायचे याचा निर्णयही इथेच घ्यावा, कारण यानंतर चढ सुरू होतो. इथून पुढे वेगमर्यादेचे फलक विजेवरचे आहेत आणि रस्त्याच्या स्थितीनुसार त्यांवरचा आकडा बदलत राहतो. तोच आकडा पाळावा.

बर्फात गाडी चालवण्याचे तत्त्व असे की वेग, वळण आणि ब्रेक यांपैकी कोणतीही गोष्ट एकदम करू नये. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवावे, क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा आणि पुलांवर विशेष जपून जावे, कारण खालून वारा लागत असल्यामुळे पुलाचा पृष्ठभाग आधी गोठतो. बर्फ बाजूला सारणारे यंत्र पुढे असेल तर त्याला मागे टाकण्याच्या फंदात पडू नये. त्याच्यामागचा रस्ताच सर्वांत चांगला असतो. गाडी घसरू लागलीच तर ब्रेक दाबून न धरता पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि ज्या दिशेला जायचे आहे तिकडे पाहत स्टिअरिंग हळूच वळवावे. साखळ्या लावण्याची वेळ आली तर वाहतुकीच्या मार्गिकेत कधीही थांबू नये. त्यासाठी कडेला रुंद जागा राखलेल्या आहेत. साखळ्या लावल्यावर थोडे अंतर जाऊन पुन्हा एकदा ताणून घ्याव्यात आणि वेग ताशी 25 ते 30 मैलांच्या वर नेऊ नये.

ठिकाणाचे चार भाग आहेत. समिट वेस्टसाठी एक्झिट 52 घ्यावा, समिट सेंट्रलसाठी 53 आणि समिट ईस्टसाठी 54. नवशिक्यांसाठी वेस्ट हा भाग सर्वांत सोयीचा आहे. त्याच 52 क्रमांकाच्या एक्झिटने महामार्गाच्या उत्तरेला आल्पेन्टल हा चौथा भाग लागतो. तिथले उतार तीव्र आहेत आणि ते मुरलेल्या लोकांसाठी आहेत, तेव्हा चुकून डावीकडे वळू नये. घरातील ज्यांना स्कीइंग करायचे नाही त्यांच्यासाठी सेंट्रलला ट्यूबवर बसून घसरण्याची सोय आहे, पण तिचे वेळेनुसार तिकीट आधी काढावे लागते. एक्झिट 54 जवळ हायक येथे घसरगाडीची टेकडीही आहे, आणि तिथे गाडी उभी करण्यासाठी राज्याचा स्नो-पार्क परवाना लागतो. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून मुलांना बर्फाच्या ढिगावर सोडणे मात्र जिवावर बेतू शकते.

बूट, आणि मग उतार

भाड्याच्या काउंटरवर उंची, वजन, वय आणि स्कीइंगचा अनुभव विचारतात. वजन कमी सांगण्याचा मोह टाळावा, कारण पडल्यावर स्कीपासून बूट किती जोराला सुटावा हे याच माहितीवरून ठरवले जाते. बुटाचे माप पावलाच्या लांबीनुसार सेंटिमीटरमध्ये असते. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर तो मागे सरकला पाहिजे. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे असे समजावे. पँटचे टोक बुटात खोचू नये, बुटावरून सोडावे. बूट दुखत असेल तर संकोच न करता तिथेच बदलून मागावा, कारण तासाभराने परत येऊन रांगेत उभे राहणे अधिक कष्टाचे असते.

शिकवणीबाबत माझा आग्रह आहे. नवरा, बायको किंवा जिवलग मित्र यांच्याकडून शिकू नये. गाडी शिकवताना घराघरांत झालेली भांडणे आठवावीत. प्रशिक्षक पहिला अर्धा तास सपाट जागेवर एकाच स्कीवर चालायला लावतो, ते कंटाळवाणे वाटले तरी तोल त्यातूनच येतो. पुढे स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून वेग कमी करायला शिकवतात. या आकाराला तिथे सगळे ‘पिझ्झा’ म्हणतात. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे भीतीने मागे रेलणे. मागे रेलले की स्की ऐकेनाशी होते, म्हणून नडगी बुटाच्या पुढच्या भागाला सतत टेकलेली असावी. पडायचेच झाले तर बाजूला, बसल्यासारखे पडावे आणि उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या कराव्यात.

सरकत्या पट्ट्यावरून वर जाऊन दहा-बारा फेऱ्या नीट झाल्याशिवाय खुर्चीच्या लिफ्टकडे वळू नये. लिफ्टवर चढताना दोन्ही काठ्या एका हातात धराव्यात, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी आणि चालकाला पहिलीच वेळ असल्याचे सांगावे. तो लिफ्ट हळू करतो. वर उतरताना पडलात तर तिथेच बसून न राहता ताबडतोब बाजूला सरकावे. उतारांचे फलक हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा चौकट-हिरा असे चढत्या अवघडपणाचे असतात, त्यांतील हिरव्या वर्तुळाबाहेर पहिल्या दिवशी जाऊ नये. पुढे असलेल्या माणसाचा मार्गावर पहिला हक्क असतो आणि त्याला चुकवण्याची जबाबदारी मागच्याची असते. थांबायचे झाल्यास कडेला आणि वरून दिसेल अशा जागी थांबावे. आखलेल्या मार्गाबाहेर झाडांत मुळीच शिरू नये, कारण इथल्या सदाहरित झाडांच्या बुंध्याभोवती सैल बर्फाची खोल पोकळी असते आणि तीत डोके खाली होऊन पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही.

परतीचा प्रवास

इथे रात्रीच्या दिव्यांतही स्कीइंग चालते आणि त्याची मजा वेगळी आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावी. पाय थरथरू लागले की, ‘आणखी एकच फेरी’ हे वाक्य मनात येते. दुखापती बहुधा त्याच फेरीत होतात. रविवारी दुपारी चारनंतर सिॲटलकडे गाड्यांची रांग लागते, म्हणून तीनपर्यंत साहित्य परत करून, कोरडे मोजे घालून आणि उरलेला चहा पिऊन निघावे. डिसेंबर-जानेवारीत साडेचार-पाचपर्यंत अंधारते आणि दिवसा वितळलेले पाणी तेव्हाच गोठू लागते. दमलेल्या माणसाने उतरणीवर गाडी चालवू नये. शक्य असेल तर चालवणाऱ्याने दुपारनंतर स्की पायांना लावूच नये. निघण्यापूर्वी गाडीच्या टपावरचा बर्फ झाडून टाकावा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो समोरच्या काचेवर येतो.

घरी आल्यावर कितीही झोप आली तरी दोन कामे उरकावीत. जॅकेट, पँट आणि हातमोजे हीटरला न चिकटवता पसरून वाळत घालावेत. साखळ्या वापरल्या असतील तर त्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावरच खोक्यात ठेवाव्यात, कारण रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे त्या महिनाभरात गंजतात आणि पुढच्या खेपेला त्यांचे आकडे उघडत नाहीत.